अडुसष्ट सालची जळती होडी

ती. दादासाहेबांस,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण खाली गेलेला माणूस पुन्हा वर येईल याची हमी गुडघ्यांनी द्यायचं बंद केलं आहे. तेव्हा उभ्यानेच हात जोडतो, तेवढं चालवून घ्या. वहिनींचा खोकला गेला का? तुमच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन नीट पार पडल्याचं तुमच्या बहिणीकडून (म्हणजे आमच्या हिच्याकडून) कळलं. दोन्ही डोळे कामाला लागले असतील तर हे पत्र स्वतः वाचा. वहिनींना वाचायला देऊ नका. यात माझी बरीच स्तुती आहे आणि वहिनी तेवढा भाग गाळून वाचतात, असा जुना अनुभव आहे.

तर बातमी अशी की मी जिंकलो. कशात ते सांगतो, घाई करू नका. निवृत्त तुम्हीही आहात आणि मीही. इथल्या वाचनालयाच्या माडीवर आम्हा म्हाताऱ्यांची एक बैठक भरते. (वाचनालयवाले तिला रसिक मंडळ म्हणतात. खाली वर्तमानपत्र वाचणारे, ज्यांच्या डोक्यावर आमच्या खुर्च्या सरकतात, ते काय म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही.) दर महिन्याला एक साल घ्यायचं, त्या सालातला सगळ्यात चांगला सिनेमा कोणता यावर घसा बसेपर्यंत भांडायचं, मग हात वर करून मतं मोजायची आणि जिंकलेला सिनेमा पुढच्या रविवारी तिथंच पडदा लावून दाखवायचा, असा शिरस्ता. आजवर मी मागच्या बाकावर बसून चहा पीत होतो. पण या खेपेला साल निघालं अडुसष्ट. दादासाहेब, आपलं साल! त्या वर्षी आपल्या थिएटरला लागलेल्या एकूण एक सिनेमाचं बॅनर आपल्या दोघांच्या हातचं. चेहरे माझे, अक्षरं तुमची. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तेलरंगाच्या वासात आपण या आठवड्यात भिंतीएवढा नायक उभा करायचो आणि पुढच्या आठवड्यात त्याच्याच अंगावर पांढरा रंग फासून दुसरा. आता त्या सालाबद्दल बैठकीतल्या कंपाउंडरने बोलायचं आणि मी गप्प चहा प्यायचा, हे माझ्याच्याने होणं शक्य नव्हतं.

शिवाय अध्यक्षाच्या खुर्चीत होते आमचे व्याही. सूनबाईंचे वडील, निवृत्त हेडमास्तर, हे तुम्हाला ठाऊक आहेच. माणूस सज्जन, बोलणं स्वच्छ, इस्त्री कडक. पण लग्न ठरलं त्या दिवशी त्यांनी आपल्या नातेवाइकांना माझी ओळख करून दिली ती, "हे पूर्वी बोर्ड वगैरे रंगवायचे," अशी. त्यातलं बोर्ड मी केव्हाच माफ केलं. ते 'वगैरे' मात्र अजून घशात अडकलेलं आहे.

वाद सुरू झाला. कंपाउंडर कोर्टाच्या खटल्याचा सिनेमा घेऊन आला होता आणि आरोपीपेक्षा जास्त घामाघूम झाला होता. निवृत्त नर्सबाईंनी इस्पितळातल्या प्रेमकथेची बाजू घेतली, पण तिच्यातली सलाईनची बाटली उलटी लावली होती हेही त्यांनीच सांगून टाकलं, त्यामुळे त्यांचं एक मत त्यांनीच घालवलं. व्याह्यांचा सिनेमा शिक्षकाच्या त्यागाचा. (दुसरा कशाचा असणार? त्या सिनेमात शिक्षक मरतो आणि पोरं पास होतात. मला त्या बॅनरवर चष्म्याच्या काचा चांगल्या जमल्या होत्या.) मग मी उभा राहिलो आणि महापुराच्या सिनेमाचं नाव घेतलं. कुणी हसलं नाही, पण नाव टिपून घ्यायला कुणी वहीही उघडली नाही.

आणि मग मी होडी सांगितली. काळी नदी, वर लाल आभाळ, मधोमध पेटलेली होडी, आणि त्या जाळात उभी राहून ती शेवटची मागे वळून बघते. पुलावर तो, हात पुढे केलेला. मी नुसतं सांगत नव्हतो, हवेत रंगवत होतो. नर्सबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या की त्या प्रसंगाला त्या थिएटरमध्ये हमसून हमसून रडल्या होत्या. कंपाउंडरला लाकडं तडतडल्याचा आवाज आठवला. घड्याळजीने तर तो पुलावरून उडी घेतो तेही सांगितलं. सगळ्यात शेवटी उठले व्याही. खुर्चीचा हात धरून म्हणाले, "मी नवा नवा नोकरीला लागलो होतो. ती मागे वळून बघते ना, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. शिक्षकाचा सिनेमा मी मागे घेतो." दादासाहेब, हेडमास्तरांनी दिलेले मार्क मागे घेतल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. सगळे हात वर गेले. जिना उतरताना मला कठड्याचीही गरज लागली नाही.

घरी येऊन मी ही सगळी हकीगत हिला साग्रसंगीत सांगितली. ही भाजी निवडत होती. भाजीवरची नजर न उचलता म्हणाली, "त्या सिनेमात होडी नव्हती."

मी म्हटलं, तुला काय माहीत? तर म्हणाली की तुमच्या पासावर मी आणि दादा तो बघून आलो होतो, पूर अर्ध्या मिनिटाचा आहे आणि बाकी सगळा वेळ ते जमिनीच्या वाटणीवरून भांडतात. तुम्ही कुठे पाहिलाय? आणि खरंच की! मी पाहिलेलाच नाही. अडुसष्ट सालचा एकही सिनेमा मी पाहिलेला नाही, कारण शुक्रवारी इथे सिनेमा लागायचा तेव्हा मी पुढच्याचं नाक काढत असायचो. मग हळूहळू आठवलं. बॅनरसाठी सिनेमावाल्यांकडून यायचे ते फोटो वेळेवर आले नव्हते. आला होता तो फक्त नायकाच्या हनुवटीचा, आणि सोबत निरोप की पूर आहे, विरह आहे, रंगवून टाका. तेव्हा मी मनाने होडी घातली, होडीला आग लावली, आणि नायिकेचा चेहराच नसल्यामुळे तुमचा डबा घेऊन शेडमध्ये आलेल्या तुमच्या बहिणीला दारात उभं करून मागे वळून बघायला सांगितलं. (तुम्ही तेव्हा शिडीवर होतात आणि तुमचं सगळं लक्ष नायकाच्या नावातल्या वेलांटीवर होतं, म्हणून आमचं जमलं. त्या वेलांटीचे उपकार मी विसरलेलो नाही.) पुढे इतकी वर्षं मी स्वतःच्याच बॅनरला सिनेमा समजत आलो. आणि मीच काय, सगळी माडी!

आता मला सांगा, यात लाज वाटण्यासारखं काय आहे? मला तर अभिमानाने रात्रभर झोप लागली नाही. नर्सबाई ज्याला रडल्या ते माझं. कंपाउंडरच्या कानात जे तडतडलं तेही माझं. सिनेमावाल्यांनी काय केलं, तर जमिनीची वाटणी. आणि ज्या माणसाने मला 'वगैरे'त काढलं, त्याच्या अंगावर आजतागायत येणारा काटासुद्धा माझाच. (तो काटा त्यांच्याच विहीणबाईंमुळे, म्हणजे आमच्या हिच्यामुळे, येतो हे त्यांना ठाऊक नाही. मी हे हिला बोलून दाखवलं तर ही उठून आरशासमोर गेली आणि बराच वेळ आली नाही.)

पण सकाळी सूनबाई चहा देता देता रडायला लागली. तिच्या वडिलांचं अलीकडे विसरणं वाढलंय. चष्मा फ्रिजमध्ये सापडतो, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारतात. घरातले लपून लपून त्यांची परीक्षा घेतात आणि ते त्यांना कळतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेला माणूस तो. अशात या होडीने त्यांना उभारी दिली आहे. बैठकीपासून ते सगळ्यांना फोन करून सांगताहेत की बघा, अडुसष्ट सालचा प्रसंग मला जसाच्या तसा आठवतो, माझं डोकं शाबूत आहे. आणि रविवारी ते पहिल्या खुर्चीत बसणार, सिनेमा संपणार, आणि होडी येणारच नाही. बाकीचे हसून घरी जातील. ते मात्र समजतील की आपण संपलो. मला त्यांचा राग येत होता तो या एका गोष्टीने कुठल्या कुठे गेला.

असो. तुम्ही काळजी करू नका. मी एक तोड काढली आहे आणि ती पार पाडायला मी एकटा समर्थ आहे. केवळ विजयाची वार्ता कळवावी म्हणून हे पत्र. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
चेहरेवाला

ता. क. – मी एकटा समर्थ नाही. सूनबाईंच्या दोन डबल चादरी शिवून घेतल्या आहेत आणि गच्चीवर ते बॅनर पुन्हा रंगवतो आहे. रविवारी सिनेमाच्या आधी ते वाचनालयाच्या दारावर लावायचं, म्हणजे होडी कुठली ते सगळ्यांना आत शिरतानाच कळेल. यात माझा सिनेमा पहिल्या नंबरावरून खाली येईल, पण येऊ दे. ही पुन्हा दारात उभी राहते. मान वळवली की लचकते, म्हणून मध्ये मध्ये विश्रांती. नदी झाली, आग झाली, हात थरथरतो तो ज्वाळांना फायद्याचाच ठरला. अक्षरांना मात्र तो चालत नाही. तेव्हा ब्रश घेऊन ताबडतोब निघा. आणि या खेपेला खाली कोपऱ्यात आपली दोघांची नावं घालू, तेव्हा थिएटरच्या मालकाने घालू दिली नव्हती.

आणखी एक ता. क. – पाकीट चिकटवणार एवढ्यात व्याही न सांगता गच्चीवर आले. झाकायला वेळच मिळाला नाही, म्हणून सगळं सरळ सांगून टाकलं: सिनेमात होडी नाही, होडी इथली आहे. ते हात मागे बांधून, शाळेत फळ्यासमोर उभे राहत असतील तसे उभे राहिले. एकदा चादरीकडे बघितलं, एकदा दारात मान वळवून उभ्या असलेल्या हिच्याकडे. मग म्हणाले, "होडी डाव्या बाजूला होती. आणि विहीणबाईंनी मान इतकी वळवली नव्हती." ही हसायला लागली, मग तेही हसले, आणि त्यांनी चहा मागितला.

दादासाहेब, मी रात्रभर आठवून पाहिलं. होडी डावीकडेच होती. तुम्ही याच, पण आता पांढरा रंगही घेऊन या.