उसना उतार

बा,

काल दुपारी पुन्हा ठोकळा वाजला. घरात मी आणि आई दोघीच होतो. आई भिंतीला टेकून शेंगा फोडत होती, मी पोरांचे पेपर तपासत होते, आणि पुढच्या दाराच्या उंबरठ्यावर, आतल्या बाजूने, लाकूड आपटल्यासारखा आवाज झाला. टक, टक. मग कोणी वाट पाहत थांबावं तशी शांतता. आईला आता कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नाही. तरी मान वर न करता ती म्हणाली, "तुझा बाप खोळंबलाय दारात. उचल की त्येला."

तू असल्या गोष्टी मानत नव्हतास, म्हणून आधी तुझ्यासारखीच खात्री करून घेतली. पत्रे उन्हाने वाजतात असं धरलं, तर ढगाळ दिवशीही आवाज आला. शेजारची पोरं खोड्या काढत असतील म्हणून दार सताड उघडून समोर बसले, तर माझ्या डोळ्यांदेखत मोकळ्या उंबरठ्यावर वाजलं. डायरीत मी 'आवाज' एवढंच लिहिते. कोणाचा, ते लिहीत नाही. शेजारणीला कुठून कळलं कोण जाणे. ती म्हणाली, "बाई, तुमी लय शिकलेल्या, पर एकदा दहीभाताचा उतारा टाकून बघा." मी म्हटलं, त्याला उतारा नको, उतार पाहिजे. थट्टेत बोलून गेले आणि बोलल्यावर उंबरठ्याकडे बघितलं.

तू पालमच्या स्टँडवर हमाल होतास. एसटीच्या मागच्या शिडीने टपावर पोती चढवायचास. मिरचीचं पोतं खांद्यावर असताना शिडीवरून तुझा पाय सुटला आणि कमरेखालचं सगळं गेलं. गॅरेजवाल्याने फळीला बेअरिंग लावून दिले. दोन्ही हातांत लाकडी ठोकळे धरून, जमिनीला रेटा देत तू घरभर फिरायचास. अडायचास तो फक्त दारात. तूच कधीकाळी बसवलेला काळा दगडी उंबरठा, त्यापलीकडे पायऱ्या, आणि अंगणाच्या कोपऱ्यात गोणपाट लावलेला संडास. दारापर्यंत येऊन तू दगडावर दोनदा ठोकळा वाजवायचास, की मी नाहीतर धाकटा भाऊ धावत यायचो. आम्ही उचलायचो तेव्हा तू डोळे मिटून घ्यायचास. पहिल्या दिवसांत मी तुला वाकून उचललं तर ओरडलास, "कमरंतून न्हाई पोरी, गुडघ्यातून उचल. मोडशील." तुझ्या धंद्यातली तेवढी एकच गोष्ट तू मला शिकवलीस.

एकदा अंगणातून आत आणताना तू एवढंच म्हणालास, "जल्मभर लोकाचं सामान उचललं म्या. आता मलाच सामान करायलाव तुमी." त्यानंतर तू पाणी प्यायचं कमी केलंस. आधी आम्हाला कळलं नाही. मग आईने तांब्या उचलून पाहिला, तर सकाळी भरलेला तसाच. ओठ फुटले, लघवीला जळजळ सुरू झाली, तरी तू म्हणायचास, तहान न्हाई.

मी बी.ए. होते, पण नोकरी शाळेतली, बदलीवरची, सुट्टी लागली की पगार बंद. म्हणून उंबरठा काढून दारात उतार करायला मदत शोधत निघाले. पंचायत समितीने परभणीला पाठवलं. तिथला कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि म्हणाला, "सायकलीला खर्चाचं हेड हाय, कुबड्याला हाय. उंबरठा फोडायला कोणतं हेड लावू, तुमीच सांगा बाई." मी म्हटलं, घरासाठी काहीच नाही का? नामांतराच्या दंगलीनंतरचे ते दिवस. त्याने खालच्या आवाजात विचारलं, "घर जळालंय का तुमचं? जळालं असतं तर काहीतरी बसवलं असतं." मी नाही म्हटलं. नाही म्हणताना एक क्षण मला घर जळालं नसल्याचं वाईट वाटलं. परत येताना एसटीत मला माझीच भीती वाटत राहिली.

तीनचाकी सायकल मात्र आली. तुला उचलून तिच्यावर बसवलं, फोटो काढला, उचलून आत आणलं. मग ती अंगणात उभी राहिली आणि तिच्या सीटवर शेजारची कोंबडी बसायला लागली. तू दारातून तिच्याकडे बघून म्हणालास, "बसू द्या. तिला तरी चढता येतं."

शेवटी मदत मिळाली ती वस्तीतच. विहारासाठी वर्गणी काढून शहाबादी फरशी आणून ठेवली होती. मी बैठकीत उभी राहिले आणि उतारासाठी ती फरशी मागितली. कोणीतरी म्हणालं, "मग आमी वंदना काय चिखलात करायची?" तेव्हा गल्लीतली थोरली काकू हातातली तंबाखू मळत म्हणाली, "का, चिखलाची आठवण एवढ्या लवकर गेली व्हय तुझी? त्यो माणूस पाणी पियाना गेलाय. फरशी काय पळून जायलीय?" लोक हसले आणि फरशी मिळाली. मिस्त्रीने दगड फोडून काढला, पायऱ्यांवर भराव घातला आणि वर फरशी लावून उतार केला. पण तू अट घातलीस. "उसनी घ्यायची. म्या गेल्यावर विहाराची विहाराला."

तो पहिला दिवस मला आजही आतून ऐकू येतो. दाराशी कोणी यायचं नाही असं तू बजावलं होतंस. आम्ही आतल्या खोलीत बसलोय. बेअरिंगची घरघर दाराकडे जाते. सवयीने मी उठते, आई माझा पदर धरून बसवते. घरघर थांबत नाही, दारातून खाली उतरते, अंगणात बारीक होत जाते. बऱ्याच वेळाने तू परत आलास, घामाघूम, आणि तांब्या तोंडाला लावून सगळा रिकामा केलास. त्या दिवसापासून तू गेलास तोवर या घरात ठोकळा वाजला नाही.

तुझ्या माघारी आम्ही शब्द पाळला. फरशी उखडून विहाराला दिली. भराव गेला, पावसाचं पाणी घरात शिरू लागलं, म्हणून धाकट्याने नवा उंबरठा बसवला. त्याच्यानंतर वाजायला लागलं.

या संक्रांतीला विद्यापीठाला नाव मिळालं. सायकलवर बसून ती पाटी बघायला जाईन म्हणायचास. विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. मी खाली बसले आणि बोटांना फरशीतल्या रेघा लागल्या, तुझ्या बेअरिंगने घासलेल्या. मांडणाऱ्याला माहीत नव्हतं, त्यामुळे एक रेघ भिंतीकडे जाते, एक उलटी फिरते, एक मध्येच तुटते. एवढ्या जयजयकारात मी बोटाने तुझी वाट जुळवत बसले. ती कुठल्याच दारापर्यंत जात नव्हती.

हे पान डायरीतच राहील. तुला अक्षर येत नव्हतं, आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचे. हेही पोचवायचं तर दारात बसून मोठ्याने वाचावं लागेल, आणि ते मी करणार नाही. कारण मग तुला कळेल, की आता माझी नोकरी कायम आहे, मिस्त्री दोन गल्ल्या सोडून राहतो, कोणापुढे हात पसरायचा नाही. आई रोज विचारते, "कवा करायलीस त्यो उतार?" मी म्हणते, करू. पण उतार झाला की तू न वाजवता निघून जाशील. म्हणून मिस्त्रीला मी अजून बोलावलेलं नाही. दुपारी वाजलं की उठते, दारात खाली बसते, हात पुढे करते आणि गुडघ्यातून उचलते.

काल तू फार हलका लागलास. पाणी पितोस ना, बा?