बत्तीस रिकामी घरं

हिंगोली, शुक्रवार, ता. १७ नोव्हेंबर १९४४
दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे

प्रिय अजीज,

वरचा शब्द पत्राला लागतो म्हणून लिहिला आहे. त्यापलीकडे त्याचा अर्थ लावू नकोस.

मी दुकानाच्या ओट्यावर बसून साईड ड्रमच्या दोऱ्या आवळत होतो. उद्या डोंगरकडा गावी वरात आहे आणि पहाटेच्या दहिवराने कातडं सैल पडलं आहे. तेवढ्यात पोस्टमनने तुझं कार्ड आणून दिलं. कार्ड तुझ्या वडिलांच्या नावाचं होतं. उस्तादांना अक्षरओळख नाही. त्यांची पत्रं चार वर्षं मीच वाचतो आणि उत्तरंही मीच लिहितो, हे तुला माहीत आहे. पण आजचं कार्ड मी त्यांना वाचून दाखवलेलं नाही. ते समोर बाजेवर बसलेत आणि दर दोन मिनिटांनी विचारून राहिलेत, "काय लिवलंय रे पोरानं?" मी म्हणालो, खुशाली आहे. म्हणाले, "येवढं मोठं कारड आन् नुसती खुशाली?"

तू लिहितोस, अब्बांची मर्जी नसेल तर कायमच्या नोकरीच्या करारावर सही करणार नाही, तीस तारखेला ऑर्केस्ट्रा सोडून हिंगोलीला येतो. तीस तारखेला तेरा दिवस आहेत. पत्र मुंबईला पोचायला पाच दिवस धरतो, कधी सहा लागतात. म्हणून हे आत्ताच्या आत्ता लिहितो. तार केली असती, पण तारबाबू प्रत्येक तार आधी गावाला सांगतात आणि मग पाठवतात. शिवाय मला जे लिहायचं आहे ते तारेत मावत नाही.

आधी हे लिहून टाकतो की माझा तुझ्यावर राग आहे. तो कमी झालेला नाही आणि या पत्राने कमी होणार नाही.

तुझ्या वडिलांच्या वाजंत्री ताफ्यात आपण दोघं नऊ वर्षांचे असताना उभे राहिलो. तू उजवीकडे, मी डावीकडे. ताफ्याचा नियम एकच होता, आवाज पडू द्यायचा नाही. एकाचा हात थकला, एकाला फेटा सावरायचा असला, क्लॅरिनेटवाल्याचा दम सुटला, की जो मोकळा असेल त्याने उचलायचं. मध्ये जागा रिकामी राहिली तर उस्ताद चालता चालता पोटरीवर काठी मारायचे. माझ्या डाव्या पोटरीवर तिचा वळ अजून आहे. तुझ्या नाही, कारण तुझी रिकामी जागा मी भरत होतो. त्यासाठी मी तुझे खांदे बघायला शिकलो. तुझा उजवा खांदा उतरला की माझी काठी ड्रमवर पडलेली असायची. लोक म्हणायचे, दोन पोरं नाहीत, चार हातांचं एकच पोरगं आहे.

मग छावणीतल्या लग्नाला ते गोव्याचे मास्तर आले आणि त्यांनी आपल्याला ऐकलं. सिनेमा कंपनीच्या ऑर्केस्ट्रात एक जागा आहे, दोघंही मुंबईला या, एकाला ठेवीन, असं म्हणाले. एप्रिल १९४० ची गोष्ट. माझ्या आईने हातातल्या पाटल्या मोडून मला सदरा आणि बूट घेऊन दिले. बूट चावत होते. तू मला तुझे पायमोजे दिलेस. तेही मी विसरलेलो नाही. राग असला म्हणून मी खोटं लिहीत नाही.

त्या हॉलमध्ये तीसेक माणसं बसली होती. माझ्यापुढे कागद ठेवला. त्यावर आडव्या रेघा, उभ्या रेघांनी पाडलेली घरं, काही घरांत ठिपके. एका जागी लांबट काळी पट्टी आणि तिच्यावर बत्तीसचा आकडा. मास्तर म्हणाले, वाचता येत नाही ते चालेल, ठिपक्यांचं मी हाताने दाखवीन, कान उघडे ठेव. आधी आठ घरं मी वाजवली आणि माझी काठी चुकली नाही. मग सगळी व्हायोलिनं हळू झाली. बासरी राहिली. मग बासरीही बारीक झाली आणि हॉलमध्ये आवाज पडायला लागला. अजीज, मला त्या वेळी पोटरी आठवली. एवढी मोठी माणसं थकली आणि कोणीच उचलत नाही म्हणून मी उचललं. दोन्ही काठ्यांनी चांगला दणदणीत रोल दिला. तीस माणसांनी माना वळवल्या. एकजण हसला. मास्तरांनी काठी खाली ठेवली आणि नम्रपणे म्हणाले, थँक यू. मग तुला बोलावलं. त्याच घरांत तू काठ्या मांडीवर ठेवून पुतळ्यासारखा बसलास. ओठ हलत होते. बत्तीस संपल्यावर झांजेवर एकच टोला दिलास. तुला ठेवलं.

मी परत आलो. स्टेशनवर आपल्या ताफ्यातला ढोलवाला ग्यानबा उभा होता, त्याला मी झालं ते सांगितलं. म्हणाला, "काय संतराम, मुंबईवाल्यांच्या मधीच वाजवून आलास म्हंजे! त्यांला बी जरा दम खाऊ द्याचा की!" चार वर्षं झाली, तो हा विनोद विसरत नाही. मी मात्र तुला दोष दिला नाही. तुला वरून अक्कल सुचली, मला सुचली नाही, असंच समजत राहिलो.

मग तुझी पत्रं यायला लागली आणि ती वाचण्याचं काम माझ्याकडे आलं. पहिलं वर्ष तू ड्रम वाहिलेस, स्टँड लावलेस आणि ट्रँगल वाजवलास. शेजारी ओरडतात म्हणून घोंगडीच्या घडीवर रोल घासलास. मास्तरांच्या हाताखालच्या माणसाकडून ठिपके शिकलास. दुसऱ्या वर्षी झांज, तिसऱ्या वर्षी साईड ड्रम. मग ते तांब्याचे मोठे केटल ड्रम, ज्यांचा सूर गाणं चालू असतानाच बदलावा लागतो. कातड्याला कान लावून, तोंडातल्या तोंडात सूर धरून, दुसऱ्या कोणाला ऐकू न जाता. ते वाचल्यावर उस्ताद म्हणाले, "म्हंजे आपल्या ताशाचा आज्जाच की!" पण रिकाम्या घरांचं त्यांना कधी पटलं नाही. चौसष्ट घरं गप्प बसून एक टोला, हे तू लिहिलंस तेव्हा ते म्हणाले, "पगार कशाचा देऊन राहिलेत मग? गप बसायचा? आपली म्हैस बी गप बसती, तिला कोन देतंय?" तुझ्या अम्मी, मदीनाचाची, आतून म्हणाल्या, "तुमाला कुनी हजार दिले तरी जमनार न्हाई." मी हे सगळं वाचत होतो, समजावून सांगत होतो. कोणत्या ड्रमला कोणती काठी, कापसाचं डोकं केव्हा आणि लाकडाचं केव्हा, हे आज मला तुझ्याइतकं पाठ आहे. वाजवायला मात्र माझ्यापुढे वरातीचा घोडा असतो.

आता तुझ्या १९ ऑक्टोबरच्या पत्राबद्दल. ते २४ तारखेला आलं. मी नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचायला घेतलं. पहिल्या पानावर होतं की कंपनी तुला रोजावरून काढून कायम करते आहे, महिना एकशे वीस, पाच वर्षांचा करार, पण पाच वर्षं ताफ्यात परत येता येणार नाही, म्हणून अब्बांची परवानगी हवी. दुसऱ्या पानावर मध्येच तू लिहिलं होतंस की परीक्षेच्या दिवशी जिन्यात, ते ठिपक्यांचे कागद लिहिणाऱ्या माणसाने तुला सांगितलं होतं, पट्टीवर आकडा असेल तिथं हात लावायचा नाही, नुसतं मोजायचं. आणि ते तू संतरामला सांगितलं नाहीस. त्याचं ओझं वाटतं, अब्बा, असं लिहिलंस.

ते वाक्य मी वाचलं नाही. वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर आलो. उस्तादांना काही कळलं नाही. कळणार कसं, जागा रिकामी पडू दिली नाही.

तुला एवढंच विचारतो. जिन्यापासून त्या हॉलपर्यंत वीस पावलं होती. मी तुझ्या शेजारी चालत होतो, तुझे पायमोजे घालून. एक वाक्य बोलायला काय लागत होतं? आणि साडेचार वर्षांनी ते बोलायचं ठरवलंस तर माझ्याशी बोलायचं. मला पाकीट लिहायचं, माझं नाव घालून. तू ते बापाच्या पाकिटात घातलंस. वाचणारा मीच आहे हे माहीत असून. म्हणजे कबुली दिल्याचं समाधान तुला, आणि ते ऐकून मान खाली घालून पुढची ओळ वाचायचं काम मला. मी तुझी रिकामी जागा भरायलाच जन्माला आलो असं तुला वाटतं का? मी चिडून लिहितो आहे पण विचार करून लिहितो आहे. या पत्राचा कच्चा मसुदा केलेला नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. २५ ऑक्टोबरला वडिलांच्या नावाने तुला गेलेलं उत्तर, "सही केलीस तर तोंड दाखवू नकोस, ताफा सांभाळायला ये", हे त्यांचं नाही. ते माझं आहे. त्यांनी एक सांगितलं, मी दुसरं लिहिलं, आणि लिहिलेलं म्हणून वाचून दाखवलं ते त्यांनी सांगितलेलंच. मला तुला वरातीपुढे, माझ्या उजव्या हाताला, धुळीत चालताना बघायचं होतं. आज तुझं कार्ड आलं तेव्हा ते होणार हे कळलं, आणि पाच मिनिटं मला बरं वाटलं, हेही लिहितो. पण तिकडे मदीनाचाचींनी तू कायम झालास म्हणून गल्लीत गूळ वाटून टाकला आहे, आणि माझ्या घरीही वाटीभर दिला. त्यामुळे उस्तादांनी खरोखर काय सांगितलं होतं ते त्यांच्याच शब्दांत लिहितो, एकही शब्द माझा नाही. तुझं पत्र ऐकून ते म्हणाले, "संत्या, तुला सांगत न्हाई, पन मी रोज बघून राहिलो. काठ्या मांडीवर घेतो आन् चौसष्ट मोजतो. चाळीस न्हाई झाले की हात उचलतोय. बारा दिवस झाले. मला जमत न्हाई, बेटा. जे मला जमत न्हाई ते ज्या पोराला जमतंय, त्याला मी वापस काहून बोलावू? लिही त्याला. म्हनावं, बस तिथंच." सही कर. मी तुला माफ केलेलं नाही, तूही मला करू नकोस. उस्तादांना मी काय केलं ते आज संध्याकाळी हे पत्र टाकून आल्यावर सांगणार आहे. त्यानंतर त्यांची पत्रं कोण लिहील ते मला माहीत नाही, म्हणून सही केल्याचं कळवशील ते कोणालाही वाचता येईल अशा ठळक अक्षरात कळव.

रीतीने तुझाच म्हणायचं, म्हणून तुझाच,
संतराम

खर्च: हे पाकीट दीड आणा, रजिस्टरचे तीन आणे, एकूण साडेचार आणे, कलदार म्हणजे इंग्रजी नाण्याचे, माझे.
देणे: २५ ऑक्टोबरच्या पत्राचं पाकीट दीड आणा. त्याचे पैसे उस्तादांनी दिले होते.