आवाज बसला

३ नोव्हेंबर, सोमवार

आले बाबा एकदाची! दोन बॅगा, कीबोर्ड आणि ताईने जबरदस्तीने कोंबलेलं ब्लँकेट, एवढा संसार घेऊन. काम तर आवडीचं आहे : एका प्रोग्रेसिव्ह मेटल बँडच्या गिटारींत इलेक्ट्रॉनिक आवाज मिसळायचे. तळघरात स्टुडिओ, वर राहायच्या खोल्या. माझी जिन्याजवळची. तिला कडी नाही, पण दार असं कुरकुरतं की चोरपावलांनी कोणी आत येऊच शकणार नाही. ताईला हे कळवलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

बँडमध्ये दोघंच. गिटारवाला उंच आणि घुम्या, त्याचं मी लगेच लंबू नाव ठेवलं. ड्रमरच्या जाड बुटांनी जिना दणाणतो, पण माणूस बोलायला लाघवी आहे. माझ्या आधी हे काम त्याचा थोरला भाऊ करायचा. तो हल्ली कुठे असतो असं विचारलं, तर ड्रमर म्हणाला, दादा बसलाय आतल्या खोलीत, त्याला आता काम होत नाही. आजारी असावा. मी जास्त चौकशी केली नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

दादाचं सॅम्पलर माझ्या हवाली झालं. सोळा रबरी पॅड. एकेकावर एक आवाज घ्यायचा आणि बोटाने वाजवायचा. पंधरा रिकामे निघाले. सोळाव्यावर दादाच्या वेळचा एक खोल, मऊ ठोका आहे. तो गिटारींखाली घातला की अंगावर काटा येतो. त्या पॅडला हात लावू नकोस, वेळ आली की मीच सांगेन, असं ड्रमरने बजावलं.

मग काय, माइक घेऊन घरभर हिंडले. पहिल्या पॅडवर माझ्या दाराची कुरकुर, दुसऱ्यावर ड्रमरचे जिन्यावरचे बूट, तिसऱ्यावर किटलीची शिट्टी. कुरकुर ताणून खर्जात नेली आणि गिटारीखाली सरकवली. ड्रमर काठ्या खाली ठेवून ऐकत राहिला. म्हणाला, आवाज मस्त बसला. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी शाबासकी नसते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ताईचा फोन होता, म्हणजे खरं तर चिमणीचा. माझी भाची, वय वर्षं सहा, तोंड अखंड चालू. आमचं गाणं सात मात्रांचं आहे असं सांगितलं, तर तिने लगेच मोजून दाखवलं : एक, दोन, तीन, चार, सहा, सात, आठ. पाच कुठे गेला? तर पाच तिला आवडत नाही! आठपर्यंत मोजूनही मात्रा बरोब्बर सात. हसून हसून पुरेवाट झाली. फोन स्पीकरवरच होता, तिला पुन्हा म्हणायला लावलं आणि नवव्या पॅडवर घेतलं. गाण्याच्या सुरुवातीलाच टाकलं. लंबूसुद्धा हसला. असा आवाज आजवर बसला नव्हता म्हणाले दोघं.

दाराला कोणीतरी तेल घातलेलं दिसतंय. कालपासून कुरकुरत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

ताई फोनवर म्हणाली, चिमणीचा आवाज बसलाय. मी म्हटलं, बर्फ खाल्ला असेल, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लाव. ताई म्हणाली की खोकला नाही, ताप नाही. रडताना तोंड उघडतं, डोळ्यांतून पाणी वाहतं, पण आवाज म्हणून नाही.

फोन ठेवला आणि तो शब्द डोक्यातून जाईना. आवाज बसला.

दार दहा वेळा उघडून पाहिलं. बिजागऱ्या गंजलेल्या, तेलाचा थेंब नाही, आणि कुरकुरही नाही. किटली उकळून उकळून आटली, शिट्टी झाली नाही. मागे वळले तर ड्रमर उभा. मी किंचाळलेच. तो जिना चढून आला होता. तेच बूट घालून.

मला भीती वाटतेय. उगाच लपवून काय करू?

१० नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरांना चिमणीच्या घशात काही सापडत नाही. पोर घाबरून जेवतही नाही.

नववा पॅड पुसायची हिंमत होत नाही. पुसला आणि आवाज कायमचा गेला तर? त्याच्यावर नळाची टपटप घेऊन पाहिली. यंत्र घेतच नाही. दाबलं की चिमणीच मोजते. मग किटलीच्या पॅडवर तोंडाने शिट्टी वाजवून घेतली. ती गेली! वर जाऊन किटली ठेवली, तर ती बोंबलायला लागली. आनंदाने मीही शिट्टी मारायला गेले. ओठांतून नुसती हवा.

म्हणजे शिट्टीला शिट्टी. गळ्याला गळा.

लंबूचा आवाज गुपचूप घ्यावा, असंही क्षणभर मनात आलं. माझीच मला लाज वाटली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दिला. माइकसमोर बसून तिच्यासारखंच मोजलं, पाच गाळून. आठ म्हटलं आणि घसा रिकामा झाला.

तासाभराने ताईचा फोन. चिमणी बोलतेय! मावशी, मावशी करत होती. मी उत्तर देत नाही म्हणून शेवटी रुसली. मी ढसाढसा रडले, त्याचाही आवाज आला नाही.

ताईला मेसेज केला : माझा आवाज बसलाय. उद्या येते.

१२ नोव्हेंबर, बुधवार. दुपारचे दोन

बॅगा भरल्या. गाडी चारला न्यायला येणार.

फोन मेला, म्हणून चार्जर शोधायला आतल्या खोलीत गेले. दादा बसलाय. खुर्चीत, ताठ, डोळे उघडे. अंग गरम. मनगट धरलं, नाडी लागेना. छातीला कान लावला —

काही नाही. आत काहीच नाही.

सोळावा पॅड. तो ठोका —

लंबू दारात उभा होता. खाली बघत म्हणाला की दादाने स्वतःच्याच छातीचा ठोका त्या पॅडवर घेतला होता, तेव्हापासून तो असाच आहे. परत कसा आणायचा, ते दोन वर्षं कोणाला कळत नव्हतं. काल मी गळ्याला गळा दिला, ते ड्रमरने स्टुडिओच्या काचेतून पाहिलं. मग लंबूच म्हणाला, जा तू, आत्ताच जा.

सव्वातीन

फाटकाला कुलूप. लंबू कुठे दिसत नाही.

खोलीत आलेय. पलंगामागे. कडी नाही. कुरकुर होती म्हणून मी कधी —

ओरडून पाहिलं. तोंड नुसतं उघडलं.

बूट वाजणार नाहीत. दार वाजणार नाही. मीच घेतले. सगळे मीच —

तीन चाळीस

वीस मिनिटं. गाडीवाला हॉर्न देईल. देईलच.

छाती केवढ्याने धडधडतेय. त्याला ऐकू जाईल. हळू, जरा हळू —

मोजते. चिमणीसारखं. म्हणजे शांत —

वहीचं पान हललं. वारा कुठून? दार तर मी लोटून —

एक, दोन, तीन, चार,