लॉनवर पाय ठेवायचा नाही

२ मार्च. सकाळी सात.
पलीकडची हसरी आज परत कुंपणावरून हसली आणि मला "आजी" म्हणाली. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे ती. केस काळे केले म्हणून कुणी कुकुलं बाळ होत नाही.

हं. आता नमस्कार. ही वही नातीने दिली. लिही, अक्षर सुधारेल म्हणाली. मी चौथीत शाळा सोडली, पण माझ्या अक्षराला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. कुणी पाहिलेलंच नाही. वहीसुद्धा कुणी वाचायची नाही.

तर मुद्दा. नात रोज संध्याकाळी हसरीच्या लॉनवर जाऊन बसते. अभ्यास तिथे, खिदळणं तिथे. आधी माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर तंगड्या पसरून बसायची. खोलीत गवत उगवत नाही हा काय माझा दोष? म्हणून मुलाच्या मागे लागून आज अंगणात लॉन टाकून घेतलं. चटईसारख्या गुंडाळ्या येतात, अंथरल्या की झालं. हसरीचा संबंध नाही. हवा शुद्ध राहते.

माळी म्हणाला, पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी, आणि तीन आठवडे कुणी पाय ठेवायचा नाही. पाण्याचं काम मी घेतलं. सुनेवर सोपवलं तर ती एका हातात पाइप आणि दुसऱ्यात मोबाइल धरून मोबाइलच भिजवेल.

४ मार्च.
हसरीचं हिरवंगार, आपलं दबलेलं. माळी सगळ्यांना तेच सांगत असणार, दोनदा, दोनदा. मी चार वेळा सुरू केलं. तीन आठवडे कशाला? दहा दिवसांत करून दाखवते.

५ मार्च. संध्याकाळी.
नात शाळेतून आली, चपला भिरकावल्या आणि थेट नव्या लॉनकडे. मी ओरडले. पाय ठेवायचा नाही म्हटलं. मग बसू कुठे, म्हणाली. माझ्या खोलीत बस म्हटलं. तर म्हणते, खोलीत तू कुठे असतेस, तू तर दिवसभर पाइप धरून उभी! आणि गेली पलीकडे. उद्धट झाली आहे. संगत, दुसरं काय.

८ मार्च. दुपारी.
शिवणाच्या टेपने मोजलं. आपलं गवत एक बोट. हसरी वामकुक्षी घेत होती तेवढ्यात कुंपणातून हात घालून तिचंही मोजलं. दोन बोटं. टेप काटक्यांत अडकला, तिकडेच राहिला.
पाणी आजपासून सहा वेळा.

९ मार्च.
टेप नातीबरोबर परत आला. हसरीने विचारलंय, आजी गवताला झबलं शिवतायत का? नात पोट धरून हसत होती. मी हसले नाही.

१२ मार्च.
गवत जरा पिवळं. ऊन लागलं असेल. सून म्हणाली, आई, पाणी फार होतंय, माझा बूट रुतला. लॉनवर पाय ठेवायचा नाही हे माहीत असून ठेवला, वर मलाच सांगते. मुलगा बायकोच्या बाजूने बोलला. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.
सात वेळा.

१५ मार्च.
कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या. अकरा. जमीन किती कसदार आहे बघा. हसरीकडे एक तरी आहे का? नाही.

१८ मार्च. पहाटे पाच.
चार दिवस खिडकीतून पहारा केला. हसरी लॉनला पाणीच घालत नाही! तिचा पाइप भिंतीला टांगलेला, खडखडीत कोरडा. तरी गवत रोज वर. नक्की काहीतरी औषध टाकते. हसणाऱ्या माणसांचा मला कधीच भरवसा नव्हता.

२० मार्च.
माळी आला. लॉनचा कोपरा उचलून पाहिला. खालून काळं, आणि असा वास की सून घरात पळाली. मुळं कुजली म्हणाला. दिवसातून कितीदा पाणी घातलंत, विचारलं. मला त्याच वेळी खोकला आला.

मग तो उकिडवा बसला, कुंपणाखाली वाकून बघितलं आणि दात काढले. अंगणाला उतार आहे, तुमचं जास्तीचं पाणी सगळं पलीकडे जातं म्हणाला.

हसरी कुंपणाशी उभीच होती. अठरा दिवस पाइपला हात लावला नाही, आजी, तुमचीच कृपा, म्हणाली. वर म्हणे, अर्धं लॉन तुमचंच झालं, या ना बसायला. मी नाही म्हटलं. स्पष्ट.

नात तिकडे कुंपणाला चिकटून अभ्यास करत होती. एवढं मोठं लॉन सोडून कडेला का बसतेस, विचारलं. इथून तू पाणी घालताना दिसतेस, म्हणाली. चिखलात तुझी एक चप्पल अडकली तेव्हा मज्जा आली, म्हणाली.

आत येऊन बघते तर माझी खुर्ची नाही. नातीने कधीच पलीकडे नेली होती. माझी कमर उभ्याने दुखते. खुर्ची जिथे, तिथे माणसाला जावंच लागतं.

हसरीचं लॉन बरं आहे. माझ्या पाण्याचं आहे. चप्पल काढून पाय ठेवला.

उद्या माळी फोन करेल, कितीदा घातलंत ते सांगा म्हणून. फोन सुनेने उचलायचा आणि उत्तर तिनेच द्यायचं. मला हाका मारायच्या नाहीत. मी पलीकडे आहे.