ध्येय वेळेआधी गाठल्याबद्दल

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे जिना चढू देतात का, भाऊजींचा खोकला कमी झाला का (आणि औषध ते खरंच पितात की अजून कुंडीत ओततात), हे सविस्तर कळव. आमच्याकडे सगळं उत्तम आहे. इतकं उत्तम आहे की गेले काही दिवस माझा डोळ्याला डोळा लागत नाही आणि घास घशाखाली उतरत नाही.

झालं असं, की आम्ही आमचं आर्थिक ध्येय गाठलं.

तू म्हणशील, मग रडतोस कशाला? म्हणून मुळापासून सांगतो. ही ज्या शाळेच्या कचेरीत काम करते, तिथे एकदा पैशाचं नियोजन शिकवायला एक सल्लागार आला होता. (त्याच्या बुटात तोंड बघून भांग पाडता येतो, म्हणून मी त्याला चकचकीत म्हणतो.) त्याने सांगितलं, की प्रत्येकाने एक ध्येय ठरवावं, त्यापुढे आकडा लिहावा आणि तो कागद रोज नजरेला पडेल असा लावावा. ही घरी आली, कांदा चिरत होते मी, आणि मला म्हणाली, “तुम्हाला आयुष्यात नक्की काय करायचंय?” ताई, हातात सुरी असलेल्या माणसाला असं विचारू नये. वरच्या वाक्यात घाबरून मी स्वतःला ‘होते’ लिहिलंय, ते ‘होतो’ वाच. पुन्हा कागद घेणं परवडतं, पण सवय राहिली नाही.

आता मी कवळ्या बनवणारा माणूस. वीसेक वर्षं एकाच मालकाच्या कारखान्यात प्लास्टरचे साचे ओततोय, मेणात दात बसवतोय. रोज घरी येऊन मालकाच्या नावाने बोटं मोडायची, तो प्लास्टर चिमटीने कसं मोजतो, मागे उभा राहून कसा शीळ घालतो, ते सांगायचं आणि शेवटी म्हणायचं, ‘आपलं स्वतःचं दुकान असतं तर!’ हे मी कसं म्हणायचो? लोक म्हणतात ना, ‘एकदा सगळं जग फिरून येऊ’, तसं. म्हणून काय कुणी बॅग भरायला घेतं? हिने घेतली. तिने फ्रीजच्या दारावर ‘स्वतःचं दुकान’ असं लिहिलं आणि आकडा विचारला. मीही सावध माणूस. जन्मात जमणार नाही असा आकडा सांगितला. वर आणखी एक शून्य लावलं, उगाच धोका नको म्हणून.

पण तू तुझ्या भावजयीला ओळखत नाहीस असं नाही. पगार माझ्या हाताला लागायच्या आधीच त्यातला लचका दुसऱ्या खात्यात जाऊ लागला. बसने जाणं सुटलं, पायपीट आली. बाहेरचा चहा बंद झाला. बुटांचे तळवे इतक्यांदा बदलले की मूळचं म्हणावं असं नाडीशिवाय काही उरलं नाही. ही संध्याकाळी आणखी दोन दुकानांचे हिशेब लिहायला लागली. हे सगळं मी सोसलं असतं गं, पण मालकाबद्दल कुरकुरायचं माझं एकुलतं एक सुख गेलं. मी तोंड उघडलं की ही म्हणे, “थोडेच दिवस राहिलेत.” आणि खरं सांगायचं तर मालक तितका वाईट नाही. हिच्या ऑपरेशनच्या वेळी मी दवाखान्यात होतो, तेव्हा माझं सगळं काम त्याने स्वतः केलं. भिकार केलं, पण केलं.

मग एका रविवारी ही म्हणाली, “झाले.” मला वाटलं कपडे धुऊन झाले, म्हणून मी दोरी बांधायला उठलो. तर पैसे झाले होते.

दोरी मी तरीही बांधली. मी म्हटलं, महागाई वाढलीय, आकडाही वाढायला हवा. ही म्हणाली, सल्लागारालाच विचारा. गेलो. मनात म्हटलं, चकचकीतला बाजूला घेऊन हळूच आकडा वाढवून घेऊ. तर त्याचं भाषण चालू होतं आणि ह्या बाईने त्याला आधीच सारं कळवलेलं. त्याने मला भरल्या हॉलमध्ये उभं केलं, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि विचारलं, आता कसं वाटतंय? मी म्हटलं, “ध्येय गाठल्यावर परत यायचा रस्ता कुठून आहे?” हॉल हसून लोटपोट झाला. मी गंभीरपणे उत्तराची वाट बघत उभा होतो.

मग ठरवलं, पैसे खर्चच करून टाकायचे. सरळ फर्निचरच्या दुकानात गेलो आणि त्यांचा सगळ्यात महाग सोफा दाखवा म्हटलं. बसलो. ढगात बसल्यासारखं वाटलं. पण ताई, काटकसर एकदा हाडात मुरली की माणूस कामातून जातो. माझ्या तोंडून आपोआप निघालं, “किती कमी कराल?” त्याने कमी केलं. मी आणखी मागितलं. घासाघीस करता करता दुपार कलली, त्याच्या कपाळाला घाम फुटला, शेवटी तो म्हणाला, “साहेब, ह्याच्या खाली मला पदरचे घालावे लागतील.” आणि मी, पैसे उधळायला गेलेला मी, महाग आहे म्हणून उठून आलो.

राहिला मालक. राजीनामा द्यायला गेलो. म्हटलं, मी स्वतःचं काढायचं म्हणतोय. त्याने हातातलं काम बाजूला सारलं. मग तोंडातली कवळी काढून माझ्यापुढे टेबलावर ठेवली (ती मीच केलेली) आणि तसाच बोळक्या तोंडाने काहीतरी लांबलचक बोलला. जन्मभर बिनदातांच्या माणसांचं बोलणं मला घरच्यासारखं कळत आलंय. हे एवढंच कळलं नाही. ‘जा’ म्हणाला की ‘जाऊ नकोस’, देव जाणे. त्याचे डोळे ओले होते, पण तो तसाही सर्दीचा माणूस. मी खालून जरा घासून कवळी परत दिली, त्याने ती बसवली, दोनदा चावून बघितलं आणि म्हणाला, “आता टोचत नाही.” झालं. गेला आतल्या खोलीत. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा कामावर गेलो, कुणी काही विचारलं नाही, मीही काही विचारलं नाही. म्हणजे मी नोकरीत आहे की नाही, हे आजमितीला मला ठाऊक नाही.

आणि हिने तर खोलीही घेतली! धोब्याच्या आणि किल्ल्या करणाऱ्याच्या मधली, तळमजल्यावरची. आगाऊ पैसे देऊन मोकळी झाली. खिडकी चांगली आहे, हे मात्र मान्य करायला हवं. दातांचा रंग जुळवायला असाच शांत उजेड लागतो. पण गिऱ्हाईक नाही आलं तर? सगळी पुंजी त्या चार भिंतींत जाणार. हिचे संध्याकाळचे दोन दुकानांचे हिशेब, हिचे दुखणारे डोळे, सगळं. मी बुडालो तर एकटा बुडत नाही गं, हेच जिवाला लागलंय. हे तिला सांगायची हिंमत नाही, म्हणून तुला लिहिलं.

भाऊजींना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. : आता मुद्द्याचं. तू हिला ताबडतोब फोन कर आणि आमच्याकडे पैसे उसने माग. जितके जास्त मागता येतील तितके. छपराचं काम निघालंय म्हण. ती तुला नाही म्हणणार नाही, आणि मी सुटेन.

ता. क. २ : परत कधी देणार ते मात्र आधीच नीट ठरवून घे. बहीण असलीस तरी व्यवहार तो व्यवहार.

ता. क. ३ : फोन करू नकोस! पत्र टाकायला निघालो आणि वाटेत, खोली किती गैरसोयीची आहे ते हिला मोजून दाखवावं म्हणून तिथे शिरलो. दार उघडं बघून एक म्हातारी आत आली. हातरुमालात कवळीचे दोन तुकडे. म्हणाली, नातीचं लग्न आहे आणि फोटोत मला तोंड मिटून बसायचं नाही. मी किंमत सांगायचंच विसरलो. हिरड्या बघितल्या, तुकडे खिडकीशी धरून बघितले, आणि गुरुवारी या, असं माझ्या तोंडून निघून गेलं. म्हणजे आता गुरुवारी मला तिथे असावंच लागणार. तेव्हा ताई, जमलं तर तूही ये. एकच म्हातारी बसलेली बरी दिसत नाही, बाकावर तू बसलीस की जरा गर्दी वाटेल. फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसू नकोस. तुझे बत्तीसच्या बत्तीस अजून जागेवर आहेत.