अंगठ्याचं दुखणं

नाना, गेल्या महिन्यात तुमच्या धाकट्याचं रक्त मी माझ्या हाताने काढलं. तुमचंही मीच काढलं होतं, चौदा वर्षांपूर्वी. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा अगदी तुमच्यासारखाच सुजला होता, लालबुंद, चकचकीत. चादरीचा काठ लागला तरी तो कळवळायचा. दुपारी आकडे आले. युरिक ॲसिड नऊच्या पुढे, किडनीचं क्रिएटिनिनही वाढलेलं. लॅबमध्ये असे रिपोर्ट मी रोज छापते, घडी घालते, पाकिटात टाकते. त्या दिवशी मात्र कागद हातात धरून बसून राहिले. हेच दोन आकडे एकाखाली एक मी पूर्वीही पाहिले होते.

तेव्हा मला नोकरीला लागून दोन वर्षं होत होती. दसरा तोंडावर आला होता, मखमलाबादच्या मळ्यात झेंडूची तोडणी चालू होती, आणि तुम्ही चपलेचा पुढचा पट्टा कापून ती कशीबशी पायात अडकवत होतात. सदऱ्याच्या खिशात दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी कायम असायची. मेडिकलवाल्याकडून परस्पर आणलेली. रिपोर्ट न्यायला तुम्ही स्वतःच आलात. बाकावर सात-आठ माणसं बसली होती. मी म्हणाले, "नाना, नुसतं अंगठ्याचं नाही हे. किडनीवरही ताण दिसतोय. बीपी बघून घ्या, एकदा कार्डिओग्राम काढू. वरच्याच मजल्यावर डॉक्टर आहेत." तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "अंगठा दुखतोय माझा, छाती नाय. चार शिशा हलवायला लागलीस म्हणून लगेच डाक्टरीण झालीस व्हय?" बाकावरची माणसं हसली. मी पाकीट तुमच्या हातात दिलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी तुम्ही पुन्हा आलात. ते अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही दारात उभे आहात, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली गुलाबाची जुडी आहे, आणि आत यावं की नाही ते तुम्हाला कळत नाही. तुम्ही कधी कुणाची माफी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. "टेबलावर ठेव," म्हणता. आणि मी मान वर न करता म्हणते, "तिथंच ठेवा. काम चाललंय माझं." तुम्ही जरा वेळ थांबता. घाम पुसता. इतक्या पायऱ्या चढून आल्यावर येणारच घाम, असं मला वाटतं. खरं सांगायचं तर मला काहीच वाटत नाही, कारण मी बघतच नाही. त्या दिवशी मी उठले असते, हाताला धरून वर नेलं असतं, तर तुम्ही आला असता. विचारून घ्यावं म्हणूनच आला होतात की काय, कोण जाणे. पुढच्याच आठवड्यात सकाळी तुम्ही झेंडूच्या वाफ्यात खाली बसलात ते उठलाच नाहीत. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगत राहिले, "अचानक झालं. काहीच त्रास नव्हता."

म्हणून त्या दिवशी धाकट्याचा रिपोर्ट पाकिटात न घालता मी तशीच मळ्यातल्या घरी गेले. तो ओट्यावर पाय लांब करून बसला होता. कागद बघून म्हणाला, "डाळी बंद करतो, ताई. झालं?" मी म्हटलं, डाळींचं राहू दे, आत्ता माझ्याबरोबर हृदयाच्या डॉक्टरांकडे चल. तो हसला. "अंगठ्याचं दुखणं तू छातीपर्यंत कुठं नेतीस?" तेवढ्यात भावजय आतून बाहेर आली. "खरं सांगा ना त्यांना," ती म्हणाली. "ताई, हे जिन्यात मधेच थांबतात. डावा खांदा भरून येतो म्हणतात. वर गॅसची गोळी घेतात." तो तिच्यावर खेकसला. तुमचाच आवाज, नाना. या वेळीही मी उठून निघून जाऊ शकले असते.

मी गेले नाही. सगळं सांगितलं. तुमचा रिपोर्ट, बाकावरची माणसं, गुलाब, घाम. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा बदलत चालला होता. "म्हणजे तुला म्हाईत होतं," तो म्हणाला. "चौदा वर्षं तू आम्हाला अचानक झालं म्हणून सांगितलंस." मी म्हटलं, "हो. आता शिव्या गाडीवर बसून दे." तो बसला. गंगापूर रोडच्या हृदयाच्या दवाखान्यापर्यंत मीच गाडी चालवली.

कार्डिओग्राम बघताच डॉक्टरीणबाईंनी त्याला घरी जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली. एक मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती, तिथं स्टेंट बसवली. मी विचारलं, हे युरिक ॲसिडमुळेच का? त्या म्हणाल्या, "तसं थेट बोट ठेवता येणार नाही. पण ते वाढलेलं असलं की बीपी, साखर, किडनी यातलं काहीतरी बहुतेक वेळा सोबत बिघडलेलं असतं, आणि मग हृदयाला धोका वाढतो. अंगठा दुखला की लोक गोळी घेतात आणि विसरतात. तिथंच बाकीचं तपासून घ्यायला हवं." त्या दुखण्याच्या गोळ्याही किडनीला आणि हृदयाला जड जातात, हेही त्यांनी त्याला बजावलं. मी मान हलवत होते. यातलं बरंचसं मला तेव्हाही माहीत होतं.

तो आता बरा आहे. सकाळी बांधावरून फेऱ्या मारतो, गोळ्या वेळेवर घेतो. बीपीचे आकडे भावजय फोनवर कळवते. तो फोन घेत नाही. घेईल कधीतरी. नाही घेतला तरी तो आहे, एवढं मला पुरे आहे. तुम्हाला लिहिलेले हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, फाईलमध्ये लावायचे नाहीत, म्हणून एक गोष्ट तुम्हालाच सांगते. डॉक्टरीणबाईंनी निघताना मला म्हटलं होतं, वडील आणि भाऊ, दोघांचं असं. तुम्हीही तपासून घ्या. मी हो म्हणाले. रोज शंभर जणांचं रक्त काढते, नाना. माझं अजून काढलेलं नाही.