टांगा दारातून परत गेला

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि तू होतीस तोवर मला बोलता आलं नाही. आता मी तुझ्याहून म्हातारी झाले आहे, म्हणून लिहिते.

माझ्या पाठची धाकटी अडीच वर्षांची होती. तिच्या डांग्या खोकल्याचा आवाज पडेगावच्या आपल्या अख्ख्या वस्तीला ओळखीचा झाला होता. आबा मेंढरं घेऊन पिशोरकडं गेलेले. शेजारच्या विणकराची बायको, आपली खाला, सकाळीच टांगा घेऊन दारात आली. "चल बहन, बच्ची कू शहर के दवाखाने ले जाते." तू धाकटीला पदरात घेऊन उंबऱ्यापर्यंत आलीस आणि थांबलीस. "हिचा बाप उद्या येतो म्हणलाय. त्याला इचारल्याबिगर कसं नेऊ? उद्या जाऊ." खालानं लई विनवलं. टांगेवाला घोड्याच्या मानेवरच्या माश्या हाकत बराच वेळ थांबला, मग गेला. दुपारी खोकला थांबला. मला वाटलं, बरं वाटतंय तिला.

त्या दिवशी वस्तीत एकही चूल पेटली नाही. माळावर खड्डा खणायला आपली माणसं होती, तसेच विणकराचे भाऊही होते. हैदराबादेतल्या कुणा बड्या घरच्या लग्नाचं कापड मागावर अर्धं राहिलं होतं, तरी विणकरानं तीन दिवस मागाला हात लावला नाही. पाण्यावरून तुझ्याशी भांडलेली म्हातारी तुझ्या पायाशी येऊन बसली. बाया आळीपाळीनं तुझं डोकं मांडीवर घेतात, रडतात, उठतात, दुसरी बसते. तू रडत नाहीस. खाला भाकरीचा तुकडा तुझ्या ओठांशी धरते, "एक निवाला तो खा लेव." तू खात नाहीस, पण तिचा हात सोडत नाहीस. टांग्याचं नाव मात्र कुणी काढलं नाही. तो सगळ्यांनी पाहिला होता, तरी जो तो म्हणायचा, देवानं नेली.

आबा तिसऱ्या दिवशी आले. माळावर जाऊन बसले, मग घराच्या मागं येऊन तोंड धुतलं. संध्याकाळी तुझ्यासमोर उभे राहून एवढंच बोलले, "टांगा दारात आला हुता. माझ्यासाठी थांबलीस व्हय?" तू विचारलंस, "कुणी सांगितलं?" ते घोंगडं उचलून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी मेंढरं घेऊन गेले. पुढं कितीदा आले, गेले, पण तुझ्याशी धड बोलताना मी त्यांना पाहिलं नाही.

आबा मेंढरं घेऊन गेले त्याच सकाळी तू खालाच्या दारात गेलीस. मी तुझ्या मागं. "तूच सांगितलंस," तू म्हणालीस. खालानं तुझ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी मान खाली घातली. "हौ," ती म्हणाली, "मैंच बोली."

त्यानंतर तू तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाहीस. बाकीच्या बाया आणखी काही दिवस आल्या, मग ज्याची त्याची कामं सुरू झाली. तू भिंतीकडं तोंड करून बसायचीस. तुझा हात धरणारं कुणी उरलं नव्हतं. मी होते, पण मला जवळ यायची भीती वाटायची. काही वर्षांनी खालाचा जनाजा आपल्या दारावरून गेला तेव्हा तू दार लावून घेतलंस. मी आत तुझ्याजवळ उभी होते. तेव्हाही बोलले नाही. आता तू, आबा, खाला, तिघंही नाहीत. हा कागद कुणाला द्यायचा?

सांगितलं ते मी, माय. आबांनी घराच्या मागं मला पोटाशी धरून विचारलं, "काय झालं, सांग." त्या तीन दिवसांत मला कुणी जवळ घेतलं नव्हतं. त्यांनी लगेच सोडू नये म्हणून मी सगळंच सांगत राहिले.